बडीला काय माहीत असतं

नोव्हेंबरची पहाट. बुलढाणा जिल्ह्यातला एक डांबरी रस्ता, दोन्हीकडे फुलोऱ्यातली तूर. वीसेक पोरं अग्निवीर भरतीसाठी पळताहेत. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले तर पूर्ण गुण. घड्याळ घेऊन उभे आहेत ते फौजेतले निवृत्त हवालदार. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात.

यातल्या एकाचा चेहरा आम्ही दाखवणार नाही. त्याचा जीव एका मुलावर आहे. घरी माहीत नाही. "मले फौजीतच जायचं हाय," एवढंच तो चारचौघांत बोलतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. फौजेचा कायदा मात्र वेगळा. आर्मी अ‍ॅक्ट, १९५०, कलम ४६ : ‘अनैसर्गिक’ लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी सांगितलं, सैन्यात हे चालू देणार नाही.

समलिंगी सैनिकांना विरोध करणारे बहुतेकदा एकच कारण देतात, पलटणीचं मनोबल. म्हणून आम्ही उस्तादांना विचारलं, मनोबल म्हणजे काय? ते बडीबद्दल बोलू लागले. पहाऱ्यावरचा जोडीदार. त्याच्या बहिणीचं लग्न कधी, बापाच्या कपाशीवर बोंडअळी पडली का, सुट्टीहून आल्यावर तो गप्प का, सगळं ठाऊक असायचं. "ज्याचं काहीच माहीत नाही, त्याच्या भरवशावर डोळा कसा लागंन?"

तेच तर! या पोराला भरती झाल्यावर रोज लपवावं लागेल. फोन कुणाचा, सुट्टीत भेटलास कुणाला, लग्न का करत नाहीस. प्रत्येक उत्तर खोटं. भरवसा पोखरला जाईल तो या खोट्यानं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ब्रिटनने समलिंगी सैनिकांवरची बंदी जानेवारी २००० मध्ये उठवली. तिथलं सैन्य मोडलं नाही. अमेरिकेने २०१० मध्ये आपल्या सैनिकांनाच विचारलं, सुमारे १ लाख १५ हजार जणांनी उत्तरं दिली. समलिंगी सहकाऱ्यासोबत काम केलेल्यांपैकी ९२ टक्क्यांनी तुकडीचं एकत्र काम चांगलं किंवा निदान मध्यम असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी तिथली बंदी गेली.

रस्त्यावर आता उजाडलंय. तो पोरगा रेघ ओलांडतो, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतो.

"पाच एकवीस," उस्ताद म्हणतात. "पाणी पी. उद्या आणखी चार सेकंद काढ."