बावळट बाईची साक्ष

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकन विनोदी नटी ज्युडी हॉलिडेबद्दल. जन्म १९२१ चा, न्यूयॉर्कचा. सुरुवात केली ती नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटर या नाटक कंपनीत, पण रंगमंचावर नव्हे, टेलिफोनच्या स्विचबोर्डवर. फोन जोडून देणाऱ्या बायका काय सुरेख बोलायच्या! आता फोन करणाराच विचारतो, ‘कोण बोलतंय?’ अरे बाबा, फोन तू केलायस! असो.

१९४६ साली ‘बॉर्न यस्टरडे’ हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या रंगभूमीवर, यायचं होतं. मुख्य नटी जीन आर्थरनं ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि ज्युडीनं तीन दिवसांत भूमिका बसवली. भूमिका बिली डॉनची. भंगाराच्या धंद्यात गबर झालेल्या माणसाची मैत्रीण, चिरक्या आवाजाची, दिसायला अगदी बावळट. १९५० मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि बेटी डेव्हिस, ग्लोरिया स्वॅन्सन अशा दिग्गज शर्यतीत असताना ऑस्कर नेलं ज्युडीनं.

आणि आता मला सांगायचीच आहे ती गोष्ट. साल १९५२. अमेरिकेत घरोघरी कम्युनिस्ट हुडकायचे दिवस. डाव्या मंडळींच्या पत्रकांवर ज्युडीच्या सह्या होत्या, म्हणून सिनेटच्या उपसमितीनं तिला बोलावलं. या समित्यांना हवी असायची नावं. तुझ्याबरोबर आणखी कोण होतं, बोल! नाव दिलं की मित्र बुडाला, नाही दिलं की आपण बुडालो.

ज्युडी गेली, आणि साक्षीला बसली जणू बिली डॉनच! तोच भाबडेपणा, तीच गोंधळलेली उत्तरं. तिनं सांगितलं, मी माणसं लावून माझी स्वतःचीच चौकशी करून घेतली. सिनेटर चाट. स्वतःचीच? हो, स्वतःचीच, एवढ्या भानगडीत सापडले होते ना! आता तरी जपून असता ना, असं विचारल्यावर उत्तर आलं, म्हणजे काय! आता मी फक्त कॅन्सर, पोलिओ असल्या कामांनाच हो म्हणते. जुन्या सोबत्यांबद्दल खोदून खोदून विचारलं, पण बाईनं एक नाव दिलं नाही. पुन्हा सांगतो, एकही नाव नाही! या बावळट बाईचा बुद्ध्यांक १७२ होता म्हणतात. विनोदी नटीला दुय्यम समजणाऱ्या आपल्या समीक्षकांनी ही साक्ष एकदा वाचावीच.

फुकट काही सुटलं नाही. रेडिओ आणि टीव्हीची दारं तिला बराच काळ बंद राहिली. पुढे ‘बेल्स आर रिंगिंग’ या संगीत नाटकासाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक, मिळालं, त्यात काम पुन्हा टेलिफोनवालीचंच. १९६५ मध्ये कॅन्सरनं गेली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

‘बॉर्न यस्टरडे’ मिळाला तर पत्त्यांचा प्रसंग चुकवू नका. ती गुणगुणत झपाझप पानं लावते, समोरचा भंगारसम्राट चिडून लाल होतो आणि दर डावाला पैसे मोजतो.