आसारियासचे हात

एक म्हातारा. अंगावर विटकी, ढगळ कापडं. दाढीचे खुंट वाढलेले. उघड्या माळावर उभा राहून तो वर बघतो आणि घशातून साद घालतो. उंचावर भिरभिरणारं काळं पाखरू गिरकी घेत खाली येतं, थेट त्याच्या खांद्यावर बसतं. म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळतो. पाखराला तो 'मिलाना' म्हणतो. याआधी त्याने एक घुबड पाळलं होतं, तीही मिलानाच. ते मेलं तेव्हा तो घरातलं माणूस गेल्यासारखा रडला होता.

हा म्हातारा म्हणजे आसारियास. 1984 सालच्या 'लोस सान्तोस इनोसेन्तेस' या स्पॅनिश चित्रपटातला वेडसर शेतगडी. ही भूमिका करणारा नट तेव्हा 58 वर्षांचा होता आणि त्याच देशात एके काळी तो देखणा नायक म्हणून मिरवला होता. त्याचं नाव फ्रान्सिस्को राबाल. स्पेनमध्ये फ्रान्सिस्कोला लाडानं पाको म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी तो शेवटपर्यंत पाको राबालच राहिला.

स्पेनच्या आग्नेय टोकाला मुर्सिया प्रांत आहे. पाऊस अगदी थोडा, डोंगर बोडके, खाली भूमध्य समुद्र. तिथल्या आगिलास गावाजवळ कुएस्ता दे गोस नावाची छोटी वस्ती आहे. कुएस्ता म्हणजे चढण. 8 मार्च 1926 रोजी पाकोचा जन्म इथे झाला. वडील खाणीत कामाला. तो लहान असतानाच कुटुंब पोटासाठी माद्रिदला आलं, आणि 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं. शाळा कशीबशी झाली. पोरगा रस्त्यावर किरकोळ वस्तू विकायचा, चॉकलेटच्या कारखान्यातही राबला. तेराव्या वर्षी माद्रिदच्या चामार्तिन स्टुडिओत वीजखात्यात कामाला लागला. केबल ओढायच्या, दिवे चढवायचे, साहेब सांगेल तिकडे झोत फिरवायचा.

त्याच्या अभिनयाची खरी शाळा मला हीच वाटते. दिव्यामागे उभा असलेला पोरगा रोज बघत होता, की उजेडात गेल्यावर माणसाचं काय होतं. कोण ताठरतो, कोण खोटा वाटायला लागतो, आणि क्वचित एखादा कसा आहे तसाच राहतो.

अधूनमधून गर्दीत उभं राहण्याचं काम मिळायचं, कधी एखादं वाक्य. तेव्हा काही जाणत्यांनी त्याला रंगभूमीची वाट दाखवली. त्यांत कवी दामासो आलोन्सोही होता. पाको नाटक कंपन्यांमधून कामं करू लागला. तिथेच त्याला आसुन्सिओन बालागेर भेटली. ती कातालोनियाची, त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी, आणि स्वतः कसदार नटी. दोघांनी लग्न केलं, मुलगी तेरेसा आणि मुलगा बेनितो झाले. नवऱ्याची गाडी धावायला लागली तशी आसुन्सिओन रंगमंचापासून दूर झाली आणि घर सांभाळत राहिली. अशा कहाण्यांमध्ये बायकोचा उल्लेख एका ओळीत उरकायची रीत आहे. इथे तसं करता येणार नाही, तिच्याकडे परत यायचं आहे.

पन्नासच्या दशकात पाको नाटकातही नावारूपाला आला आणि पडद्यावरही. फ्रँकोची हुकूमशाही होती. ठरावीक साच्यातले चित्रपट निघत. रुंद खांदे, भारदस्त आवाज, भेदक डोळे असलेला हा तरुण त्या साच्यात बसत होता, पण त्यात मावत नव्हता.

तो साचा मोडला लुईस बुन्युएलने. यादवी युद्धामुळे परागंदा होऊन पुढे मेक्सिकोत राहिलेला हा दिग्दर्शक. 1959 च्या 'नासारीन'साठी त्याने पाकोला बोलावलं. ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे शब्दशः जगू पाहणाऱ्या एका गरीब पाद्र्याची ही गोष्ट. शेवटचं दृश्य बघा. शिपायाच्या पहाऱ्यात पाद्री धुळीच्या रस्त्यानं चालला आहे. वाटेत फळं विकणारी बाई त्याला एक अननस देऊ करते. आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलेला हा माणूस नको म्हणतो, पुढे जातो. मग थबकतो. मागे येतो आणि अननस घेतो. ढोलांचा गजर सुरू होतो. तो काटेरी अननस काखेत धरून पाद्री चालत राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही दाटून येतं की त्याला कृतज्ञता म्हणावं की श्रद्धेला गेलेला तडा, हे ठरवता येत नाही. पाकोने तेही ठरवू दिलेलं नाही.

बुन्युएल त्याला पुतण्या म्हणायचा आणि हा त्याला काका. स्पॅनिशमध्ये काका आणि मामा दोघांना एकच शब्द आहे, तेव्हा मामा-भाचे म्हटलं तरी चालेल. रक्ताचं नातं नव्हतं, जिव्हाळा मात्र तसाच होता.

1961 मध्ये बुन्युएल स्पेनमध्ये आला आणि त्याने 'विरिदियाना' केला. त्यात पाको होर्खे आहे, बापाच्या वाड्यावर नव्यानं हक्क सांगायला आलेला व्यवहारी मुलगा. एका गाडीच्या आसाला बांधलेलं कुत्रं फरफटत पळत असतं. होर्खेला ते बघवत नाही. तो पैसे मोजून कुत्रं सोडवून घेतो. त्याची पाठ वळते न वळते तोच उलट दिशेनं दुसरी गाडी जाते, तिच्याखालीही तसंच एक कुत्रं बांधलेलं. होर्खेला ते दिसत नाही. आपल्याला दिसतं.

या चित्रपटाचा मूळ शेवट सेन्सॉरने नाकारला. त्यात नायिका विरिदियाना रात्री होर्खेचं दार ठोठावते आणि आत जाते. बुन्युएलने मग तिला होर्खे आणि मोलकरणीबरोबर पत्ते खेळायला बसवलं. तिघं एका टेबलाशी. पाको तिच्या हातात पत्ते देतो, तो इतक्या सहज, की मूळच्यापेक्षा हा शेवट कितीतरी जास्त बोलून जातो. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'विरिदियाना'ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सरकारच्या वतीनं चित्रपट खात्याच्या प्रमुखानं ते स्वीकारलं. पाठोपाठ व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं चित्रपटावर कडाडून टीका केली. त्या अधिकाऱ्याची खुर्ची गेली आणि चित्रपटावर बंदी आली. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये, स्पेनच्या प्रेक्षकांना तो बघायला मिळाला.

पुढे पाको इटलीत आन्तोनिओनी, फ्रान्समध्ये रिवेत अशा दिग्दर्शकांकडे काम करून आला. एक प्रसंग चित्रपटवेड्या लोकांना माहीत असतो. अमेरिकन दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला 'द फ्रेंच कनेक्शन'साठी बुन्युएलच्या चित्रपटात बघितलेला एक स्पॅनिश नट हवा होता. त्याच्या मनात होता पाको. नाव आठवेना, आणि गफलतीनं बोलावणं गेलं फर्नांदो रे या दुसऱ्याच स्पॅनिश नटाला. रेने ती भूमिका गाजवली. फ्रीडकिनने मात्र मनातला नट सोडला नाही. 1977 च्या 'सॉर्सरर'मध्ये त्याने पाकोला घेतलं.

आणि मग आसारियास.

कथा मिगेल देलिबेसच्या कादंबरीची, दिग्दर्शन मारिओ कामुसचं. साठच्या दशकातलं एक्स्त्रेमादुरा, पोर्तुगालच्या सरहद्दीलगतचा प्रदेश. एकेका जमीनदाराची नजर पोहोचेल तिथवर जमीन आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारी कुटुंबं. आल्फ्रेदो लांदाचा गडी मालकाच्या शिकारीत कुत्र्यासारखा जमिनीला नाक लावून जखमी पाखराचा माग काढतो. पाकोचा आसारियास त्याचा मेहुणा. हाताला भेगा पडू नयेत म्हणून तो हातावर लघवी करतो. अपंग भाचीला मांडीवर घेऊन जोजवतो. तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. पाकोने हे कुठेही विनोदी होऊ दिलं नाही आणि कीव येईल असंही केलं नाही. त्या जाड, ओबडधोबड हातांकडे बघताना मला चामार्तिनच्या केबल ओढणाऱ्या पोराची आठवण होते. देखण्या चेहऱ्याआड तीस वर्षं झाकलेला कष्टकरी माणूस इथे पूर्ण बाहेर आला आहे.

शिकार साधली नाही या रागात धाकटा मालक आसारियासचं पाखरू गोळी घालून पाडतो. पुढच्या शिकारीला आसारियास झाडावर चढतो, मालकाच्या गळ्यात दोर अडकवतो. हा फास आवळतानाही पाकोच्या चेहऱ्यावर सूड दिसत नाही. त्याच्या ओठांवर मिलानाचंच नाव असतं.

त्या वर्षी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक लांदा आणि राबाल यांना विभागून मिळालं.

त्यानंतर म्हातारपण हेच त्याचं भांडवल झालं. सुरकुत्या, खरखरीत झालेला आवाज, सगळं त्याने वापरलं. 1989 च्या 'हुन्काल' या दूरदर्शन मालिकेत तो उतारवयातला, लंगडा, बाता मारणारा माजी बैलझुंजार झाला आणि घराघरात पोहोचला. 1999 मध्ये कार्लोस साउराच्या चित्रपटात त्याने चित्रकार गोयाचे अखेरचे दिवस उभे केले. ठार बहिरा, परक्या फ्रान्समध्ये, बोर्दो शहरात आठवणींशी बोलणारा गोया. 1971 मध्येही त्याने एकदा गोया साकारला होता. आता दोघांमधलं अंतर मिटलं होतं. या भूमिकेसाठी त्याला स्पेनचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्या पुरस्काराचं नावही गोयाच.

ऑगस्ट 2001. माँट्रियलच्या चित्रपट महोत्सवात सन्मान स्वीकारून पाको आणि आसुन्सिओन परत निघाले होते. विमानातच त्याला श्वास घेता येईना. विमान वाट बदलून उतरवण्यात आलं, ते बोर्दोला. 29 ऑगस्टला पाको गेला. 1828 मध्ये गोयाने याच शहरात डोळे मिटले होते.

महिनाभरात स्पेनमधल्या सान सेबास्तियान चित्रपट महोत्सवाचा दोनोस्तिया पुरस्कार त्याला मिळायचा होता. तो घ्यायला आसुन्सिओन गेली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाईने त्यानंतर पुन्हा तोंडाला रंग लावला. नाटकं केली, चित्रपट केले, मालिका केल्या. 2019 मध्ये, 94 व्या वर्षी ती गेली.

पाकोची रक्षा कुएस्ता दे गोसला नेली. त्या चढणीवर, एका बदामाच्या झाडाच्या मुळाशी, ती मातीत मिसळली आहे.