'चर्चा करणे' आणि 'डिस्कस'

शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम'. मी 'अबाउट'वर लाल रेघ मारली. पुढच्या निबंधात पुन्हा तेच, पुन्हा रेघ. तिसऱ्या वेळी ती वही घेऊन समोर आली आणि म्हणाली, "सर, मग 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम' कसं चालतं? तिथे तुम्ही रेघ मारत नाही." तिचं निरीक्षण अगदी खरं होतं. 'इंग्रजीत तसंच असतं' असं सांगून मी तिला परत पाठवलं, आणि ते मला आजही लागून राहिलंय. तेव्हा आज तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर तुमच्यासमोर मांडतो.

आधी आपल्या मराठीकडे बघू. आपण चर्चा करतो, सल्ला देतो, विनंती करतो, उल्लेख करतो, लग्न करतो. एखाद्या गोष्टीचा परिणाम होतो. यात खरा अर्थ कुठे आहे? चर्चा, सल्ला, विनंती या नामांत. 'करणे', 'देणे', 'होणे' ही क्रियापदं नुसती हमाली करतात. आणि नाम आलं की त्याला दुसऱ्या शब्दाशी जोडायला काहीतरी लागतं: प्रश्नावर चर्चा, तिच्याशी लग्न, त्याला विनंती. इंग्रजीतलं 'डिस्कस' मात्र अख्खं क्रियापद आहे. चर्चा आणि करणे दोन्ही त्याच्या पोटात आहेत. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ होता हलवून सुटं करणे. वस्तू हलवायची तर ती थेट धरावी लागते, मध्ये 'विषयी' येत नाही. म्हणून 'डिस्कस द प्रॉब्लेम'. पण 'डिस्कशन' हे नाम, त्यामुळे त्याला आपल्या 'चर्चे'सारखाच जोड लागतो, आणि तिथे 'अबाउट' शोभतं.

आता बाकीच्या चुका बघा. 'रिक्वेस्टेड टू हिम', कारण आपल्या मनात 'त्याला विनंती केली' असतं. 'मेन्शन्ड अबाउट इट', कारण 'त्याविषयी उल्लेख'. 'मॅरीड विथ हर', कारण 'तिच्याशी लग्न'. मुलं अडाणीपणाने चुकत नाहीत. मराठीचा नियम ती फार इमानाने पाळतात, फक्त तो चुकीच्या जागी लागतो. हे एकदा मुलांना सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. अर्थात प्रत्येक इंग्रजी क्रियापद असं थेट कर्म घेतं असं समजू नका. 'टॉक'ला 'अबाउट' लागतं, 'लिसन'ला 'टू' लागतं. ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी जोडी 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', तीही याच घरातली. 'झोपेचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो.' मराठीत हे सांगायला हीच सहज वाट आहे, नाम अधिक होणे. इंग्रजीत वाटा दोन. 'स्लीप अफेक्ट्स मेमरी', इथे क्रियापद, म्हणून सुरुवातीला 'ए' आणि पुढे 'ऑन' नाही. 'स्लीप हॅज ॲन इफेक्ट ऑन मेमरी', इथे नाम, म्हणून 'ई' आणि सोबत 'ऑन'. आपण दोन्हींची मोट बांधून 'अफेक्ट्स ऑन' लिहितो. लिहिताना थांबून एकच विचारा, इथे मला नाम हवंय की क्रियापद? स्पेलिंग आणि 'ऑन' दोन्ही एकाच उत्तरात सुटतात. 'इफेक्ट' क्वचित क्रियापद म्हणूनही येतं, 'घडवून आणणे' या अर्थाने, 'इफेक्ट अ चेंज' असं. मानसशास्त्रात 'अफेक्ट' नामही आहे. पण रोजच्या लिहिण्यात ही वेळ फार कमी येते.

पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणे. 'यूस' म्हणजे उपयोग, 'यूझ' म्हणजे वापरणे. 'एक्स्क्यूस' आणि 'एक्स्क्यूझ' तसेच. नामाच्या शेवटी 'स', क्रियापदाच्या शेवटी त्याचाच घुमारा असलेला आवाज. कंठावर बोट ठेवून म्हणून बघा. 'स'ला कंठ शांत राहतो, 'झ'ला थरथरतो. 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह' यांतही हेच. इंग्रजी लिपी हा फरक बऱ्याचदा झाकते. 'यूस' आणि 'यूझ' यांचं स्पेलिंग एकच, पण देवनागरीत लिहिलं की लगेच दिसतो. आपली लिपी इथे मदतीला येते, तिचा उपयोग करून घ्या. 'प्रॅक्टिस'मध्ये मात्र आवाज दोन्हीकडे सारखाच. ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी', क्रियापदाला 'एस', अमेरिकन पद्धतीत दोन्हीकडे 'सी'. जी पद्धत धराल ती शेवटपर्यंत धरा. 'लूझ' म्हणजे हरवणे, एका 'ओ'चं. 'लूस' म्हणजे सैल, दोन 'ओ'चं. यांची गल्लत आवाज नीट ऐकला तर होत नाही.

'इट्स'बद्दल थोडक्यात सांगतो. ॲपॉस्ट्रॉफी असेल तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज'. फोडून वाचा, वाक्य जमलं तर चिन्ह द्या. मालकीच्या 'इट्स'ला चिन्ह नाही, जसं 'हिज'ला नाही. आणि या चुकीबद्दल कुणाला हिणवू नका. मालकीचा हा 'इट्स' इंग्रजीत फार जुना नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मिठाची चव गेली असं सांगताना मिठासाठी 'हिज' वापरलाय. त्यानंतरही बराच काळ छापील पुस्तकांत मालकीचा 'इट्स' चिन्हासकट दिसतो.

'डिड यू वेंट' ऐकलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. आपण 'मोठ्या भावाला' म्हणतो, 'मोठ्याला भावाला' म्हणत नाही, कारण 'ला' एकदाच लागतो. तसा भूतकाळ एकदाच लागतो, आणि तो 'डिड'ने आधीच घेतलाय. म्हणून पुढे 'गो'. 'वन ऑफ माय फ्रेंड'चंही तसंच. मनात 'माझा एक मित्र' असतो, म्हणून एकवचन येतं. त्याऐवजी 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणा, 'फ्रेंड्स'चा 'एस' आपोआप येईल.

शेवटी 'सिन्स' आणि 'फॉर', कारण तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये हाच प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' यात दोन चुका आहेत. 'मी थांबलोय' हे आपल्याला वर्तमान वाटतं, पण मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेल्या क्रियेला इंग्रजी 'हॅव बीन वेटिंग' म्हणते. दुसरी चूक 'पासून'ची. आपण 'सकाळपासून' म्हणतो आणि 'दोन तासांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स', दुसऱ्याला 'फॉर'. ओळखायचं कसं? 'पासून' काढून बघा. 'मी दोन तास थांबलोय', चाललं, म्हणजे 'फॉर'. 'मी सकाळ थांबलोय', नाही चालत, म्हणजे 'सिन्स'.