बाटली आणि किल्ली: पोरांच्या हातात देतं कोण?

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न, गूगल न करता उत्तर द्यायचं. महाराष्ट्रात व्हिस्की किंवा रम प्यायला कायद्यानं किती वर्षं पूर्ण लागतात?

बहुतेकांनी मनात 18 म्हटलं असणार. उत्तर आहे 25. बियर आणि वाइनसाठी 21. वर परवाना वेगळा. म्हणजे मतदान 18 ला, मुलाचं लग्न 21 ला, आणि बावीस वर्षांचा नवरदेव स्वतःच्या हळदीला व्हिस्कीचा घोट घेत असेल, तर तो कायदा मोडतोय. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलात की हेच वय एकदम 18 होतं, ही आणखी एक गंमत.

तर देशातल्या सगळ्यात कडक वयोमर्यादांपैकी एक आपल्याकडे आहे. आणि तरी अकरावी-बारावीतल्या पोराला विचारा, बियर कुठं मिळते? तो तुम्हाला दुकानासकट सांगेल. कुणाचा मोठा भाऊ आणून देतो. कुणी हायवेवरच्या ढाब्यावर बसतं, तिथं वय विचारायची पद्धतच नाही. कुणाच्या घरी आईबाबा गावाला गेलेत. कुणाला वरातीत काकानंच हातात ग्लास दिलाय, "घे रे, आता मोठा झालास" म्हणत.

यातला प्रत्येक रस्ता शोधत मागं गेलात तर शेवटी एक मोठा माणूस उभा असतो. विकणारा, आणून देणारा, डोळेझाक करणारा. म्हणून आज मुलांना उपदेश नाही. मुलं बघत असतील तर निवांत बघा, आज बोलणी मोठ्यांना बसणार आहेत.

उपदेश का नाही, तेही सांगतो. 1983 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला एक कार्यक्रम सुरू झाला, 'डेअर' नावाचा. गणवेशातले पोलीस वर्गात जायचे, दारू-ड्रग्जचे धोके समजावायचे, मुलं शपथ घ्यायची. बघता बघता तो देशभरातल्या शाळांत पोचला. पैसा भरपूर, टीशर्ट भरपूर, आईवडील खूश. नंतर संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा दिसलं, की कार्यक्रमात बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांच्या पिण्यात टिकाऊ असा फरकच नाही. आपल्याकडची पोस्टर स्पर्धा आणि प्रार्थनेनंतरची सामूहिक शपथ आठवली ना? मलाही आठवली. त्यानं नुकसान होत नसेल, पण एक तोटा नक्की आहे: 'काहीतरी केलं' असं समाधान मिळतं आणि खरं काम राहून जातं.

मग खरं काम कुठलं? चला आइसलँडला.

(स्क्रीनवर: आइसलँडचा नकाशा)

1990 च्या दशकातलं आइसलँड. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या मध्यवस्तीत प्यायलेल्या पोरांची एवढी गर्दी, की तिथून चालत जायला लोक बिचकायचे. आणि हा काही मोकाट दारूचा देश नव्हे बरं का. तिथं 1 मार्च 1989 पर्यंत बियरवर बंदी होती. दारू आजही मुख्यतः सरकारी दुकानातून विकली जाते, आणि विकत घ्यायचं वय 20. तरीही 1998 च्या पाहणीत 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्क्यांनी सांगितलं, की गेल्या महिन्याभरात आम्ही दारू पिऊन झिंगलो होतो.

2016 मध्ये हाच आकडा 5 टक्क्यांवर आला होता. रोज सिगारेट ओढणारी मुलं 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर.

केलं काय? पहिली गोष्ट ऐकायला एकदम रटाळ आहे: प्रश्नावली. देशभरातल्या शाळांमध्ये, नाव न घेता, मुलांना विचारलं. कधी प्यायलास? कुणाबरोबर? संध्याकाळी कुठं असतोस? आईवडील किती वेळ भेटतात? अशा पाहण्या दर थोड्या वर्षांनी झाल्या. पण खरी मेख पुढं आहे. निकाल कपाटात गेला नाही. काही महिन्यांत तो त्या-त्या गावाला, त्या-त्या शाळेला परत मिळायचा. 'देशातली मुलं पितात' हे ऐकून कुणाला काही होत नाही. 'तुमच्या शाळेतल्या दहावीच्या वर्गात इतकी मुलं पितात' म्हटलं की पालकसभेत शांतता पसरते, आणि मग खुर्च्या पुढं सरकतात.

उत्तरांतून दिसलं की जी मुलं आठवड्यातून बऱ्याचदा संघटित खेळ किंवा काही छंद करतात, आईबाबांबरोबर जास्त वेळ असतात, रात्री उशिरापर्यंत बाहेर नसतात, त्यांच्यात पिणं कमी. मग मुलांना हे सांगत बसण्याऐवजी त्यांनी भोवतालच बदलला. रेक्याविकच्या पालिकेनं दर मुलामागं खेळ, संगीत, नाच यांच्या शिकवणीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम देणारं कार्ड काढलं, म्हणजे गरिबाचं पोरही क्लबात जाऊ शकेल. दारू-तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. 13 ते 16 वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, असा कायदा झाला. आणि पालक टोळ्या करून शुक्रवारी रात्री वस्तीत फेरी मारू लागले. मारझोड नाही, व्हिडिओ काढणं नाही. नुसतं चालायचं, दिसायचं, भेटलेल्या पोरांशी बोलायचं.

मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती पालकांचा लेखी करार. शाळेतल्या पालकांनी एकत्र बसून ठरवायचं: आम्ही मुलांना दारू विकत आणून देणार नाही, घरात मोठं कुणी नसताना पार्टी होऊ देणार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवू.

हे का चालतं? कारण कुठल्याही घरात पोराचं ब्रह्मास्त्र एकच असतं: "सगळ्यांना सोडतात, फक्त मलाच नाही!" एकटी आई या वाक्यापुढं हरतेच. आपण जुन्या वळणाचे ठरू, पोरगं एकटं पडेल, अशी धास्ती. आणि मजा अशी की समोरच्या बिल्डिंगमधली आईसुद्धा याच वाक्यापुढं हरलेली असते, तुमच्या घराचं उदाहरण ऐकून! दोघींनी एकमेकींना एक फोन केला असता तर ब्रह्मास्त्र फुसकं निघालं असतं. करार म्हणजे तो फोन, आधीच केलेला.

आता थोडं पाणी घालतो. तरुणांमधलं पिणं याच काळात युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतही कमी झालं, त्यामुळं सगळं श्रेय या योजनेला देणं बरोबर नाही. देश चिमुकला, पैसेवाला. आणि तो रात्री दहाचा नियम आपल्याकडं आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या पोरांचे क्लासच साडेनऊला सुटतात, आणि पोलिसांच्या हातात आणखी एक दंडुका गेला की तो झोपडपट्टीतल्या मुलावर आधी पडतो. पण प्रश्नावली आणि करार? त्याला ना बर्फ लागतो ना तिथलं चलन, क्रोना.

जाता जाता एका लाडक्या समजुतीचा समाचार. "बाहेर पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर थोडी चाखू दे, म्हणजे मर्यादा कळते." शिकलेल्या घरांत हे फार ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून 2018 मध्ये निष्कर्ष छापले गेले. आईवडिलांनी दिल्यामुळं मुलं पुढच्या धोक्यापासून वाचतात, याचा पुरावा मिळाला नाही. उलट अशा मुलांना दारू बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली.

आता किल्लीकडं येऊ. कारण पोरगं प्यायलं तर सकाळी डोकं दुखेल, पण प्यायलेलं पोरगं गाडीवर बसलं तर दुसऱ्याच कुणाच्या घरी फोन जातो.

1981 साल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, वेलँड नावाचं गाव. तिथल्या शाळेतले शिक्षक आणि हॉकीचे प्रशिक्षक रॉबर्ट अनास्तास. त्यांचे दोन खेळाडू वेगवेगळ्या अपघातांत गेले. त्यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन 'सॅड' ही संघटना उभी केली आणि एक कागद तयार केला: मूल आणि पालक यांच्यातला करार. मुलानं लिहून द्यायचं, की मी किंवा माझा गाडी चालवणारा मित्र प्यायलेला असेल तर मी गाडीत बसणार नाही, घरी फोन करीन, वाजले कितीही असोत. पालकांनी लिहून द्यायचं, की मी न्यायला येईन किंवा गाडीची सोय करीन, त्या वेळी एक प्रश्न विचारणार नाही, चर्चा नंतर. आणि खाली आणखी एक ओळ, जी मला फार आवडते: मीसुद्धा पिऊन गाडी चालवणार नाही.

टीका झालीच. म्हणे हा तर पिण्याचा परवानाच झाला. मला नाही पटत. आपल्या घरातलं चित्र बघा. रात्री एक वाजता पोरगं लोणावळ्याहून फोन करतं, "बाबा, इथं सगळे प्यायलेत, न्यायला या." आपण काय म्हणतो? "तिथं गेलासच कशाला? कुणाला विचारून गेलास? ये आता घरी, दाखवतो तुला!" झालं. पुढच्या वेळी तो फोन येणार नाही. तो ट्रिपल सीट बसून येईल, चालवणारा कुठल्याही अवस्थेत असो.

आणि कायदा? पालकांनो, हे जरा नीट ऐका. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. वरून न्यायालय असं गृहीत धरून चालतं, की गाडी तुमच्या संमतीनंच नेली. संमती नव्हती, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. 16 व्या वर्षी चालते ती फक्त बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतची गाडी. तुमच्या पार्किंगमधली स्कूटर 110 किंवा 125 सीसीची आहे. "क्लासपुरती नेतो" हे कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही.

ग्लास देणाऱ्या काकांसाठीही आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 77. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला दारू दिली किंवा द्यायला लावली, तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. वरातीला सूट नाही.

19 मे 2024 ची पुण्याची घटना तुम्हाला माहीतच आहे. कल्याणीनगर, भरधाव पोर्श, चालवणारा 17 वर्षांचा, 24 वर्षांचे दोन तरुण इंजिनिअर गेले. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून दिलेल्या जामिनावर महाराष्ट्र चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. पण नंतर अटक कुणाकुणाला झाली ते आठवा. आईवडील, बारशी संबंधित लोक, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर. खरं काय ते न्यायालय ठरवील. मी एवढंच म्हणतो, की एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात मोठ्या माणसांची केवढी ही यादी! आपण मात्र महिनाभर त्या एका पोराबद्दलच बोलत होतो.

मग वस्तीनं करायचं काय? महाराष्ट्राकडं एक हत्यार आहे, बाहेर फारसं कुठं नसलेलं: आडवी बाटली. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, की त्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर परवानाधारक दुकान बंद. पण नीट ऐका: निम्मी म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. घरी बसलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. शेताच्या कामाच्या दिवशी मतदान लागलं की जिंकलेली लढाई बायका कशा हरतात, ते यावरून समजेल. म्हणून अर्ज दिल्याबरोबर मतदार यादी हातात घ्या, गावाबाहेर गेलेल्या आणि मयत झालेल्या बायकांची नावं अजून यादीत आहेत का ते बघा, आणि मतदानाच्या दिवशी न्यायला-आणायला माणसं ठरवा.

शहरात सोसायटीवाल्यांसाठी: मार्च 2025 मध्ये राज्य सरकारनं विधानसभेत जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवीन बियर किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे तो विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर येणार. नेहमी कोरम नसतो म्हणून अर्ध्या तासानं सभा भरते ना, तीच सभा.

दुकान बंद झालं म्हणून पोरांचं पिणं थांबेल, असं मी म्हणत नाही. चोरून विकणारा उभा राहतोच. पण बंद करायच्या निमित्तानं त्या वस्तीतल्या बायका एकमेकींशी बोललेल्या असतात, आणि आइसलँडमध्ये नेमकं हेच साधलं होतं.

गटारी जवळ येईल, मग गणपतीतल्या मिरवणुका, मग एकतीस डिसेंबर. त्याआधी शाळेच्या किंवा सोसायटीच्या पालक ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मधे, एवढा मजकूर टाका. स्क्रीनवर देतोय, थांबवून उतरवून घ्या.

(स्क्रीनवर: आमच्या घरी मोठं कुणी नसताना पार्टी होणार नाही. आम्ही कुणाच्याही मुलाला दारू देणार नाही, आणून देणार नाही. लायसन्स नसलेल्या मुलाला गाडी देणार नाही. तुमच्या मुलाचा रात्री फोन आला तर आम्हीही न्यायला जाऊ.)

खाली फ्लॅट नंबर टाकून पहिलं नाव तुमचं लिहा. दुसरं नाव यायला दोन दिवस लागतील, कुणीतरी "हे जरा अतीच होतंय" असंही लिहील. लिहू दे. तिसऱ्या नावानंतर बाकीचे भराभर येतात.