ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘तंत्रज्ञान आणि आपलं समाजजीवन’. एवढं सगळं एका तासात मावणार नाही, त्यामुळे मी फक्त फोन घेणार आहे, आणि त्यातलीही एकच गोष्ट. फोन आधी घराचा असायचा, आता तो एकेका माणसाचा झालाय, आणि बँका, रेशन, सरकारी योजना सगळे असं धरून चाललेत की हा बदल प्रत्येक घरात पूर्ण झालाय. तो झालेला नाही. यावर मला बोलायचंय, पण आधी थोडं जुनं सांगते. ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन हाताने जोडून द्यायची, नोकरी केलेल्या बाईला तुम्ही बोलवलंय, तेव्हा जुनं ऐकावंच लागणार.

ट्रंक कॉल इथल्या बऱ्याच जणांनी लावलेला असेल. बुक करायचा आणि घरात बसून राहायचं, कधी दोन तास, कधी संध्याकाळपर्यंत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार, लाइटनिंगला आठपट पैसे. लाइटनिंग बुक झाला की बोर्डावर आम्ही एकमेकींकडे बघायचो, कारण एकतर कोणाच्या तरी घरी वाईट झालेलं असायचं नाहीतर कापसाचा भाव पडलेला असायचा, आणि व्यापाऱ्याच्या आवाजावरून पहिल्या वाक्यात दोन्हीतला फरक कळत नसे! तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलून सांगायचो, आणि तिकडचा माणूस हमखास म्हणायचा, ‘ताई, एकच मिनिट, अजून मेन विषय राहिलाय.’

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. त्यानंतर शंभर वर्षांनीसुद्धा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, मुलाच्या मुंजीला अर्ज करायचा आणि लग्नाला फोन यायचा असं लोक म्हणायचे. जास्तीचं डिपॉझिट भरून ‘ओन युवर टेलिफोन’मध्ये पुढे सरकता यायचं, पण ते किती जणांना जमणार? मग १९८४ला सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था सुरू झाली, सॅम पित्रोदांचं नाव तुम्हाला माहीत आहेच, आणि त्यांनी १२८ लाइनचं खेडेगावातलं छोटं एक्स्चेंज बनवलं जे एसीशिवाय चालायचं. याचं महत्त्व सांगितल्याशिवाय कळत नाही. आधीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं थंड खोलीत ठेवायला लागायची, आणि आपल्या मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत कुठून आणणार थंडावा? त्या एका गोष्टीने खेड्यात फोन पोचला, मागोमाग परगावी फोन लावायचे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, आणि रात्री अकरानंतर पाव दर म्हणून तिथे लागणारी रांग. असो, त्या रांगेवर एक वेगळं व्याख्यान होईल.

पण माझा आवडता विषय म्हणजे पीपी नंबर. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या लेटरहेडवर नंबर आणि पुढे पीपी लिहिलेलं असायचं, म्हणजे फोन शेजारच्यांचा, आम्हाला हाक मारा. आमच्या वाड्यात एकच फोन होता, खालच्या काकूंकडे. पॅसेजमध्ये स्टुलावर, वर विणलेला रुमाल, डायलला छोटं कुलूप, आणि ते कुलूप न काढता क्रेडल टकटक दाबून नंबर लावायची विद्या वाड्यातल्या प्रत्येक पोराला येत होती. सोळा बिऱ्हाडांचे फोन तिथे यायचे. काकू जिन्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, आणि ती हाक ऐकली की ज्याचा फोन नाही तोसुद्धा गॅलरीत यायचा.

एकदा रात्री दोनला फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या सुनेचे वडील मुंबईत वारले होते. काकूंनी निरोप घेतला, आणि तिला हाक मारली नाही. आधी त्यांनी माझ्या आईला उठवलं, मग दोघींनी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, काकांना स्टँडवर पाठवून पहाटेची पहिली एसटी कितीला आहे ते विचारून घेतलं, कोणीतरी पैसे काढून ठेवले, धाकट्या पोराला आमच्याकडे झोपवलं, चहा टाकला, आणि मग काकू वर गेल्या. तिला म्हणाल्या, बाबांना जरा जास्त झालंय, आपण निघू या. ‘आपण’ म्हणाल्या, आणि खरंच मुंबईपर्यंत तिच्याबरोबर गेल्या. रस्त्यात कुठेतरी, तिचा हात हातात घेऊन, तिला खरं सांगितलं.

आता हे कसं होतं? माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिची आत्या गेल्याचं फॅमिली ग्रुपवर कळलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कारण कोणीतरी लांबच्या नातेवाइकाने फुलांचं चित्र आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं होतं, आणि घरच्यांनी अजून तिला फोनच केलेला नव्हता. बातमी पोचली, लवकर पोचली, पण तिच्या बाजूला कोणी नव्हतं.

तुम्ही माना डोलावताय, पण थांबा, मी तुम्हाला परत त्या वाड्यात पाठवायला आलेली नाही. त्याच पॅसेजमध्ये एका साखरपुडा झालेल्या मुलीला नवऱ्या मुलाशी बोलायचं असायचं आणि स्वयंपाकघरात काकूंची फोडणीसुद्धा तेवढ्या वेळापुरती गप्प व्हायची. ती बिचारी ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापुढे गेली नाही. नांदायला गेलेल्या मुलीला त्रास असला तर सासरच्या हॉलमध्ये उभी राहून ती आईला काय सांगणार? ‘मजेत आहे’ एवढंच. बोर्डावर असे कितीतरी कॉल मी जोडलेत, आणि आवाजावरून कळायचं की ही मजेत नाहीये. बाईच्या हातात स्वतःचा फोन येणं ही फार मोठी गोष्ट आहे, ३१ जुलै १९९५ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दूरसंचार मंत्री सुखरामना देशातला पहिला मोबाइल कॉल केला त्यापेक्षा मला २००३ साल मोठं वाटतं, इनकमिंग फुकट झालं ते, कारण तेव्हापासून साध्या घरातल्या बाईला फोन नुसता जवळ ठेवणं परवडायला लागलं.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं राहिलीत. बरं. मेन विषय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१च्या, १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. देशात साधारण ५४ टक्के हो म्हणाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायका तेव्हाही पीपीच होत्या, फक्त काकूंच्या जागी नवरा किंवा मुलगा होता. आणि व्यवस्था काय म्हणते? नंबर म्हणजे तूच. माझ्या शेजारच्या आजी बँकेत गेल्या, पासबुक त्यांच्या नावावर, पैसे त्यांचे, सही त्यांची, पण खात्याला नंबर मुलाचा, मुलगा परदेशात शिफ्टवर. ओटीपी त्याच्या फोनवर गेला. मुलगा फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, पुन्हा मागवला, पुन्हा तेच. काउंटरवरची मुलगी चांगली होती, ती तरी काय करणार, स्क्रीन पुढे जातच नव्हता. आजी दुपारी तशाच परत आल्या. भिंतीवर पोस्टर होतं, ओटीपी कोणालाही सांगू नका. अहो, आजींचा सगळा कारभारच ओटीपी विचारण्यावर आणि सांगण्यावर चालतो! म्हणूनच खोटा फोन आला की अशी माणसं पटकन आकडा सांगून मोकळी होतात, त्यांना आपणच सवय लावलीये.

लाडकी बहीणचं ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आठवा, २०२५चं. पैसे बाईचे, आणि पडताळणीला नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार आणि त्याचा ओटीपी. मग ज्यांना दोघंही नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न गावोगाव उठला, मुदती वाढल्या. देशातलं पहिलं आधार २०१०ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. इतक्या वर्षांत हे आधीच सुचायला हवं होतं.

माझं मागणं छोटं आहे, पळत पळत सांगते. ज्या कामात माणूस स्वतः समोर उभा आहे, ओळखपत्र घेऊन, तिथे ओटीपीवर अडवू नका, सही-अंगठ्याचा रस्ता चालू ठेवा आणि तशी पाटी लावा. दुसऱ्याच्या फोनवर चालणारी खाती आहेत हे उघड मान्य करा, त्या दुसऱ्या माणसाचं नाव खातेदाराच्या संमतीने लेखी नोंदवा, आणि त्याने काय काय केलं याचा कागद आजींच्या हातात महिन्याला द्या. मध्ये माणूस असणारच, तो जबाबदार असू दे. आणि पोस्ट, अंगणवाडी, ग्रामपंचायत इथे आठवड्यातून एक दिवस कोणीतरी बसवा जो हे फॉर्म भरून देईल, पगार घेऊन, कारण आत्ता हे काम अंगणवाडीताई आणि झेरॉक्सवाला आपलं काम सांभाळून करतायत.

वेळ संपली म्हणतायत. तुमच्या गावातल्या बँकेत ओटीपीशिवाय काय काय होतं ते कोणाला माहीत असेल तर आधी त्यांनी सांगा, मग प्रश्न घेते.