के-टू, ऑगस्ट १९५३

शिखर सर झाले की नाही एवढ्यावरच मोहिमेचे मोल ठरवायचे असेल, तर १९५३ साली काराकोरम पर्वतातल्या के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर गेलेल्या अमेरिकन मोहिमेविषयी बोलण्याचे कारण उरत नाही. ८६११ मीटर उंचीचे ते शिखर त्यांना मिळाले नाही आणि आठ गिर्यारोहकांपैकी सातच जण खाली उतरले. तरीही संघ कसा असावा, याचे उत्तर मला अनेक यशस्वी मोहिमांपेक्षा इथे अधिक स्पष्टपणे सापडते.

मोहिमेचे नेते चार्ल्स ह्यूस्टन पेशाने डॉक्टर होते आणि १९३८ मध्येही त्यांनी के-टूच्या याच अब्रुझी धारेवर, म्हणजे शिखराकडे जाणाऱ्या कड्याच्या सोंडेवर, चढाई केली होती. सोबती निवडताना त्यांनी नावलौकिकापेक्षा एकमेकांशी जुळवून घेण्याच्या स्वभावाला महत्त्व दिले. फाळणीनंतर दार्जिलिंगच्या शेर्पांना पाकिस्तानात नेणे अवघड झाले होते. त्यामुळे हुंझाचे हमाल घेतले गेले, पण वरच्या टप्प्यांवरचे सामान गिर्यारोहकांनाच वाहावे लागले, तेही कृत्रिम प्राणवायूशिवाय.

ऑगस्टच्या आरंभी आठही जण सुमारे ७७०० मीटरवरील आठव्या कॅम्पवर पोहोचले आणि वादळाने त्यांना तंबूंत कोंडून ठेवले. ७ ऑगस्टला भूगर्भशास्त्रज्ञ आर्ट गिल्की उभा राहताच कोसळला. पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि पुढे त्या फुप्फुसांपर्यंत पोहोचल्या. अशा उंचीवरून चालू न शकणाऱ्या माणसाला त्या धारेने उतरवणे जवळजवळ अशक्य आहे, हे डॉक्टर ह्यूस्टनना इतरांपेक्षा अधिक कळत होते. पण त्याला मागे ठेवण्याची सूचना कुणाकडूनही आली नाही. मला या मोहिमेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

१० ऑगस्टला, वादळ चालू असतानाच, गिल्कीला स्लीपिंग बॅगेत आणि तंबूच्या कापडात गुंडाळून दोराने खाली सोडायला सुरुवात झाली. जॉर्ज बेलचा पाय घसरला. त्याच्या दोरावरचा टोनी स्ट्रीदर ओढला गेला, त्यांचा दोर ह्यूस्टन आणि बेट्स या सोबत्याच्या दोरात अडकला आणि पुढे मोलनार हा आणखी एक सोबतीही खेचला गेला. वर पीट शोनिंग गिल्कीला बिले देत होता, म्हणजे घसरण रोखण्यासाठी त्याचा दोर धरून होता. त्याने लाकडी दांड्याची हिमकुऱ्हाड एका खडकामागे बर्फात रोवली होती आणि दोर तिच्याभोवतून स्वतःच्या कमरेवरून घेतला होता. घसरणारे पाच आणि लटकणारा गिल्की, असे सहा जण त्या एका बिलेवर थांबले. धक्का एकदम न येता गुंतलेल्या दोरांतून टप्प्याटप्प्याने आला असावा, आणि ताणल्या जाणाऱ्या नायलॉनने त्याचा काही भार पचवला असावा. तरीही सह्याद्रीतल्या कड्यांवर ज्यांनी एका माणसाची घसरण हातांनी पेलली आहे, त्यांना हे वाचताना घाम फुटेल.

ह्यूस्टनच्या डोक्याला मार लागला होता. गिल्कीला हिमकुऱ्हाडींच्या आधाराने उतारावर बांधून बाकीचे जण तंबू उभारायला बाजूला गेले. परत आले तेव्हा तिथे तो नव्हता. हिमप्रपाताने त्याला नेले, असे बहुतेकांनी मानले. सोबत्यांचा जीव वाचावा म्हणून त्याने स्वतःलाच सोडवले, असे उतारवयात ह्यूस्टन यांना वाटू लागले. त्याला मॉर्फिन दिलेले होते आणि तो पक्का बांधलेला होता, त्यामुळे मला पहिला तर्कच अधिक पटतो; दुसऱ्या तर्कात त्याच्यावरचे प्रेम दिसते, पुरावा दिसत नाही. एवढे मात्र खरे, की त्याला घेऊन ते खाली पोहोचले असते असे मानायला फारसा आधार नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रयत्न पुढे चालवला असता, याविषयी मला शंका वाटत नाही.