तक्रारीला पत्ता हवा

(परळमधल्या एका रहिवासी मेळाव्यात केलेलं भाषण, संपादित स्वरूपात)

नमस्कार मंडळी.

मघाशी दारातच चार-पाच जणांनी मला आपापल्या इमारतीचे प्रश्न सांगितले. पाणी, कचरा, उंदीर, उखडलेला फुटपाथ. सगळे खरे. पण प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच: महापालिकेला कुणाचं काही पडलेलं नाही. ही हताशा मला फार सलते. वॉर्ड ऑफिसात जलकामे खातं वेगळं, रस्ते-फुटपाथांची देखभाल पाहणारं परिरक्षण वेगळं, घनकचरा वेगळं, कीटकनाशक वेगळं. ज्या टेबलाचं काम आहे त्या टेबलावर कागद पोहोचला नाही, तर तो वर्षभर नुसता फिरत राहतो.

गढूळ पाण्याचंच घ्या. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. उरलेले तास नळजोडणीत दाबच नसतो. जुन्या चाळींत ती लोखंडी जोडणी गटाराला खेटून आलेली असते, कधीकधी गटारातूनच. गंजून बारीक भोक पडलं की नळ बंद असताना बाहेरची घाण आत शिरते. पहाटे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याने चावी फिरवली की आधी येतं ते पिवळट, वास मारणारं पाणी. मग हळूहळू निवळतं. आता अर्जात 'गढूळ पाणी येते, कृपया लक्ष द्यावे' एवढंच लिहिलं, आणि अभियंता दुपारी कोरड्या नळापाशी येऊन उभा राहिला, तर त्याला काय दिसणार?

म्हणून लिहा: चाळ कुठली, कुठल्या खोल्या, पाणी किती वाजता येतं, सुरुवातीचं किती वेळ गढूळ असतं, आणि त्याच वेळी शेजारच्या चाळीत कसं येतं. या शेवटच्या माहितीला फार मोल आहे. शेजारी स्वच्छ असेल तर बिघाड बहुधा तुमच्या जोडणीत. दोन्हीकडे गढूळ असेल तर रस्त्याखालच्या वाहिनीत शोधायला हवं. नमुना पाणी सुटतानाच घ्या, अशी मागणी अर्जातच करा. महापालिकेच्या 1916 या तक्रार क्रमांकावर फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ती पोच हातात असली की पुढे माहिती अधिकारात विचारता येतं, या अर्जावर कुणी काय शेरा मारला? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि एकट्याने जाऊ नका. मृणाल गोरे 1961 साली गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या. पाण्यासाठी त्या ज्या चिकाटीने भांडल्या, त्यावरून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्यामागे रिकामे हंडे घेतलेल्या बायका होत्या, आणि आपल्या वस्तीत पाण्याची काय अवस्था आहे हे त्या बायकांना तोंडपाठ होतं. मोर्चाचा जोर त्या माहितीतून येत होता, असं मला वाटतं.

लेखी हरकतीने काय होतं, असंही विचारतात. 2015 साली शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. लोक नकाशे घेऊन बसले, आपली गल्ली शोधली, चुका दाखवल्या. हजारो हरकती दाखल झाल्या आणि त्याच एप्रिलमध्ये तो मसुदा रद्द करून नव्याने करायचा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. 2025-26 चा 74,427 कोटींचा अर्थसंकल्प सभागृहात एकाही नगरसेवकाने तोंड न उघडता मंजूर झाला, कारण नगरसेवकच नव्हते. या काळात नगरसेवकाकडे जायची आपली सवयही मोडली. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं, 227 नगरसेवक आले. 2011 च्या जनगणनेने पाहिलं तरी एका नगरसेवकामागे सरासरी 55 हजार माणसं. इतक्यांचं ऐकायचं कसं, हा प्रश्न त्यांच्यासाठीही खरा आहे.

त्याचं उत्तर कायद्यातच आहे. 2009 मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागाचे लहान लहान भाग पाडायचे, काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, आणि तिथल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवायची. गावाला ग्रामसभा आहे, तशी वस्तीला क्षेत्रसभा. मुंबईत ती कागदावरच राहिली, याचा मला मनापासून राग आहे. ग्रामसभेत पाझर तलावाचा हिशेब विचारता येतो, आणि परळच्या माणसाने आपल्या गल्लीतल्या वाहिनीसाठी दारोदार फिरायचं?

तेव्हा नगरसेवकांना आपलं पहिलं पत्र क्षेत्रसभेच्या मागणीचं जाऊ द्या. मसुदा मी आणलाय, तिकडे टेबलावर आहे. सही करताना चाळीचं नाव आणि खोली क्रमांक घाला. गढूळ पाण्याच्या नोंदीचा कागद वेगळा आहे; तो घरी न्या, आठवडाभर रोज पहाटे भरा, आणि इथे मंडळाच्या ऑफिसात आणून द्या.